वर्गात संगणक किती वेळा?

वर्गात फळा किती वेळा वापरावा, असा प्रश्न कोणी विचारत नाही. खडू संपला तर नवा आणतात, फळा फिका पडला तर त्याला रंग देतात आणि शिकवणे पुढे चालू राहते. परंतु संगणक, टॅब आणि भिंतीवरचा मोठा पडदा यांच्याबाबत हा प्रश्न विचारावा लागतो. रोज वापरावा, आठवड्यातून एकदा वापरावा, की वापरूच नये? याबद्दल शिक्षकांमध्ये मतभेद आहेत, पालकांमध्ये आहेत आणि तुमच्यामध्येही असतीलच. या पाठात मी माझे मत मांडणार आहे. ते वाचा, तपासून पाहा आणि पटले नाही तर आपले वेगळे मत कारणांसह मांडा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वर्गातील डिजिटल कृती म्हणजे नुसते पडद्याकडे पाहणे नव्हे. शिक्षकांनी चित्रफीत लावली आणि साठ मुलांनी ती पाहिली, तर ते पाहणे झाले. चित्रफितीनंतर मुलांनी प्रश्नांची उत्तरे निवडली, नकाशावर नद्या शोधल्या, पडद्यावरच्या त्रिकोणाचा कोन ओढून मोठा केला किंवा आपले वाचन ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकले, तर ती कृती झाली. पाहण्यात मूल बसून असते. कृतीत त्याचे मन आणि हात कामाला लागतात. 'किती वेळा' हा प्रश्न आपण कृतीबद्दल विचारतो आहोत, हे ध्यानात ठेवा.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' नावाचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असत. एक वर्षानंतर तो प्रयोग संपला. १९८४ साली 'क्लास' नावाचा प्रकल्प आला आणि देशातील सुमारे अडीचशे शाळांत संगणक बसवले गेले. त्याच वर्षी पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. तिचे कार्यक्रम महाराष्ट्रातील मुलांच्या एका पिढीने दूरदर्शनवर पाहिले. २०१७ साली ती संस्था बंद झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने 'दीक्षा' हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले. आज तुमच्या पाठ्यपुस्तकात चौकोनी काळे-पांढरे क्यूआर कोड दिसतात, ते अशाच प्रयत्नांचे फळ आहे.

प्रत्येक वेळी लोक म्हणाले, "आता शिक्षण बदलून जाईल." काही बदलले, हे खरे. परंतु फळा राहिला, पुस्तक राहिले आणि शिक्षकही राहिले. यावरून एक बोध घेता येतो. यंत्र येते, जुने होते आणि त्याच्या जागी दुसरे येते. म्हणून 'कोणते यंत्र' या प्रश्नापेक्षा 'कशासाठी आणि किती' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आता जगाचा अनुभव पाहू. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. त्या देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेखाली मुलांना आठ लाखांहून अधिक छोटे लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांना संगणक हाताळता येऊ लागला होता, पण गणितात आणि भाषेत त्यांची प्रगती इतर मुलांपेक्षा जास्त झाली नव्हती. यंत्र हातात आले की ज्ञान आपोआप डोक्यात येईल, ही समजूत तिथे खोटी ठरली.

युरोपातील स्वीडन हा श्रीमंत देश. तिथल्या शाळांत अनेक वर्षे टॅब आणि लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. २०२३ साली तिथल्या सरकारने आपली दिशा बदलली. लहान मुलांच्या शाळांत डिजिटल साधने सक्तीची करण्याचा निर्णय मागे घेतला आणि छापील पुस्तके विकत घेण्यासाठी त्या वर्षी ६८ कोटी ५० लाख क्रोनर एवढी रक्कम ठेवली. ज्यांच्याकडे यंत्रांची कमतरता नाही, ते लोकसुद्धा पुन्हा पुस्तकाकडे वळले, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

मग काय, संगणक वर्गाबाहेर काढून टाकावा? तसेही नाही. दिल्लीत काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. सहावी ते नववीची मुले शाळा सुटल्यावर एका केंद्रात जात. तिथे ती रोज नव्वद मिनिटे शिकत. त्यांपैकी पंचेचाळीस मिनिटे संगणकावर आणि पंचेचाळीस मिनिटे लहान गटात शिक्षकांजवळ. संगणकावरचा कार्यक्रम प्रत्येक मुलाची पातळी पाहून त्याला प्रश्न देई. नववीतल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल, तर तो तिथूनच सुरुवात करी. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक प्रगती केली. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पेरूमध्ये फारसा फायदा झाला नाही आणि दिल्लीत झाला, असे का? फरक यंत्रात नव्हता, योजनेत होता. दिल्लीत यंत्राला नेमके एक काम दिले होते. वर्गात मागे पडलेल्या मुलाला त्याच्या पातळीपासून वर आणणे, हे ते काम. शिवाय निम्मा वेळ शिक्षकांचा होता. पेरूमध्ये यंत्र दिले, पण काम नेमून दिले नाही. आपल्याकडे म्हणतात, नुसते औत घेऊन शेत पिकत नाही, ते चालवावे लागते आणि कुठे चालवावे तेही कळावे लागते.

आता 'किती' या प्रश्नाकडे येऊ. 'पिसा' नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांसाठी घेतली जाते. २०१५ साली त्या चाचणीच्या आधारे एक अहवाल आला. शाळेत संगणक बेताने वापरणारी मुले तो क्वचितच वापरणाऱ्यांपेक्षा थोडी बरी ठरली, परंतु फार जास्त वापरणारी मुले पुष्कळच मागे पडली, असे त्यात आढळले. २०२२ च्या चाचणीतही काहीसे असेच चित्र दिसले. शाळेत अभ्यासासाठी दिवसाला एक तासापर्यंत डिजिटल साधने वापरणाऱ्या मुलांना गणितात, ती अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ गुण अधिक मिळाले. घरची परिस्थिती लक्षात घेऊनही हा फरक राहिला. मात्र याच पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासिकांत तरी डिजिटल साधनामुळे आपले लक्ष उडते. ५९ टक्के मुले म्हणाली, की दुसऱ्याच्या हातातल्या साधनामुळे आपले लक्ष उडते. म्हणजे एकाचा खेळ आणि शेजाऱ्याचेही नुकसान!

येथे सावध राहायला हवे. भारताने २०२२ च्या चाचणीत भाग घेतला नव्हता. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या दिसतात, पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. चांगल्या शाळा संगणक बेताने वापरत असतील आणि त्या चांगल्या असल्यामुळेच मुलांना गुण जास्त मिळत असतील, असेही असू शकते. तरीही एवढे मानायला हरकत नाही, की 'अति तेथे माती' ही म्हण संगणकालाही लागू पडते.

आपल्या सरकारनेही ही मर्यादा मान्य केली होती. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण मोबाइलवर आले. त्या वर्षी केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका आणि नववी ते बारावीसाठी चार तासिका, असे त्यात म्हटले होते. तेव्हा शिकण्याचा दुसरा मार्गच नव्हता, तरीसुद्धा ही मर्यादा घातली होती. आज तर समोर शिक्षक आहेत, फळा आहे, मित्र आहेत. आज ती मर्यादा आणखी कमीच असायला हवी.

आता आपल्या स्वतःच्या शाळेचा विचार करू. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. घरी उर्दू किंवा दखनी बोलता. मराठी तुमची दुसरी भाषा आहे. ही भाषा शिकताना काही अडचणी अशा येतात, की ज्यांत पुस्तकाचा उपयोग होत नाही. उदाहरणार्थ 'चार' आणि 'चाक' हे दोन शब्द पाहा. दोन्हींत 'च' हे एकच अक्षर आहे, परंतु त्याचा उच्चार वेगळा होतो. 'जीवन' आणि 'जागा' यांतही तसेच आहे. पुस्तकात हा फरक दिसत नाही, तो कानांनीच कळतो. 'ळ' हा ध्वनी उर्दूत नाही. त्यामुळे कित्येक मुले 'काळ' शब्दाला 'काल' म्हणतात आणि 'वेळ' शब्दाचा 'वेल' करतात. अर्थच बदलून जातो! "माझ्याकडे वेल नाही" असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा म्हणेल, "मग कुंडीत एखादा लावा!"

अशा ठिकाणी डिजिटल कृती फार उपयोगी पडते. पाच मिनिटे चांगले वाचन ऐकायचे, मग आपले वाचन ध्वनिमुद्रित करायचे आणि दोन्हींची तुलना करायची. आपली चूक आपल्याच कानांनी ऐकली की ती लवकर सुधारते. शिक्षक साठ मुलांचे उच्चार रोज एकेक करून तपासू शकत नाहीत. मराठीच्या तासाला आठवड्यातून दोनदा ही कृती व्हावी, असे माझे मत आहे. रोज नको, कारण उरलेल्या तासिकांत आपण एकमेकांशी बोलले पाहिजे. भाषा शेवटी माणसांशी बोलण्यासाठी असते. बसचा वाहक, बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या परिचारिका हे तुमच्याशी मराठीत बोलतील, तेव्हा उत्तर द्यायला यंत्र तुमच्यासोबत नसेल.

गणितात आणि विज्ञानातही अशा जागा आहेत. 'जिओजेब्रा' नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात त्रिकोणाचा एक कोपरा ओढला की तिन्ही कोन बदलतात, पण त्यांची बेरीज १८० अंशच राहते. वहीत असे शंभर त्रिकोण काढायला आठवडा लागेल. पडद्यावर पाच मिनिटांत ते दिसते. परंतु नंतर कंपास आणि कोनमापक घेऊन चार त्रिकोण वहीत काढलेच पाहिजेत. विज्ञानात अणूच्या आत काय चालते, ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात, हे वर्गात प्रत्यक्ष दाखवता येत नाही. तिथे पडदा हवा. मात्र लिंबाच्या रसात निळा लिटमस कागद लाल होतो, हे चित्रफितीत कशाला पाहायचे? एक लिंबू आणा आणि स्वतः करून बघा.

यावरून मला एक साधा नियम सुचतो. जे काम फळा, वही आणि प्रत्यक्ष वस्तू यांनी चांगले होते, ते त्यांनीच करावे. जे त्यांनी होत नाही, त्यासाठी संगणक उघडावा. हा नियम पाळला, की 'किती वेळा' या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

तरीही आकड्यांत सांगा, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, हिशेब करू. समजा, आठवड्यात ३५ मिनिटांच्या ४५ तासिका होतात. म्हणजे एकूण सुमारे २६ तास. त्यांपैकी आठ तासिकांत प्रत्येकी पंधरा मिनिटे डिजिटल कृती ठेवली, तर आठवड्याला दोन तास होतात. मराठी, गणित, विज्ञान यांना प्रत्येकी दोन आणि भूगोल व इंग्रजी यांना प्रत्येकी एक, अशी वाटणी करता येईल. म्हणजे एकूण वेळेचा सुमारे तेरावा भाग. माझ्या मते माध्यमिक वर्गांसाठी हे प्रमाण पुरेसे आहे. एखाद्या आठवड्यात पाठाला गरज नसेल, तर कमी करावे. नवा अवघड भाग असेल, तर थोडे वाढवावे. परंतु "आज वेळ उरला आहे, चला काहीतरी लावू या," म्हणून संगणक कधीच उघडू नये.

पंधरा मिनिटेच का? याला एक व्यवहारी कारणही आहे. एका वर्गात साठ मुले आणि संगणक कक्षात वीस चालू संगणक असतील, तर एका संगणकावर तीन मुले बसतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटेही येत नाहीत. तीही नीट वाटली तर! बऱ्याचदा जो धीट असतो, तोच माउस पकडून बसतो आणि बाकीचे दोघे मागून पाहत राहतात. म्हणून कृती छोटी असावी आणि पाळ्या ठरलेल्या असाव्यात.

आपल्याकडे कित्येक शाळांत तेही नाही. २०२३-२४ च्या सरकारी माहितीनुसार देशातील ५७ टक्के शाळांतच चालू संगणक होते आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. "मग तुम्ही आम्हांला किती वेळा वापरावा हे कशाला सांगता? आधी संगणक तर द्या!" असे कोणी म्हणाले, तर ते चुकीचे नाही. ही मागणी प्रत्येक शाळेने केलीच पाहिजे. परंतु एका चांगल्या संगणकाने आणि एका प्रक्षेपकानेही पुष्कळ काम होते. परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले लहानसे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांसाठी पाठ, कविता आणि गोष्टी ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. शाळा लहान असली तरी विचार मोठा असू शकतो.

काही पालक म्हणतात, "मुले घरी दिवसभर मोबाइल बघतात, निदान शाळेत तरी तो नको." हे म्हणणे समजण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक चांगला पायंडा पाडला. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घरोघरी दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने ठरवले. साऱ्या गावाने मिळून ठरवले, म्हणून ते शक्य झाले.

पण 'मुले घरी मोबाइल बघतात' हे वाक्य सगळ्या मुलांना लागू होते का? २०२४ च्या 'असर' या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना याबद्दल विचारले होते. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आणखी एक आकडा पाहा. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्केच होते.

हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. घरात एकच फोन असतो. तो अब्बा कामावर घेऊन जातात. संध्याकाळी तो आला, की आधी भाईजानच्या हातात जातो. मुलीची पाळी येते तेव्हा रात्र झालेली असते आणि स्वयंपाकघरातले काम बाकी असते. अशा मुलीला संगणक हाताळण्याची एकच हक्काची जागा आहे आणि ती म्हणजे शाळा. "शाळेत संगणक अजिबात नको," असे म्हणणे म्हणजे तिचा तो एकमेव दरवाजा बंद करणे होय. ज्यांच्या घरी सारे काही आहे, त्यांचे यात काही बिघडणार नाही. जिच्याकडे काही नाही, तिचे मात्र बिघडेल. म्हणून मी 'थोडा वेळ, पण नियमित आणि सर्वांना समान' असे म्हणतो. वर्गात पाळी ठरवताना मुलींची पाळी सुटणार नाही, हे तुम्ही सर्वांनी पाहिले पाहिजे.

ही गरज पुढे आणखी वाढते. दहावीची उत्तरपत्रिका तुम्ही पेनाने लिहाल. पण दहावी झाल्यावर अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. अभियांत्रिकीला जायचे असेल, तर राज्याची सीईटी परीक्षा संगणकावर द्यावी लागते. त्या दिवशी पहिल्यांदाच माउस हातात धरणाऱ्या मुलाचा अर्धा जीव भीतीनेच जातो. उत्तर येत असूनही ते वेळेत देता येत नाही. याउलट सारी वर्षे पडद्यावर बोट ठेवून पर्याय निवडणाऱ्या मुलाला तीन तास सलग लिहिता येत नाही. त्याचे अक्षर बिघडते, हात दुखतो आणि वाक्ये तुटतात. म्हणून आपल्याला दोन्ही सवयी हव्यात; एकीसाठी दुसरी सोडता येणार नाही.

हात आणि यंत्र यांच्या मैत्रीचे एक सुंदर उदाहरण उर्दूतच आहे. नस्तालिक लिपी वळणदार आणि तिरकी असते. तिची अक्षरे जोडताना प्रत्येक वेळी आकार बदलतात. त्यामुळे ती छापखान्याच्या खिळ्यांत नीट बसत नसे. उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ च्या सुमारास 'नूरी नस्तालिक' आली आणि संगणकावर उर्दू सुंदर उमटू लागली. पण ही अक्षरे यंत्राने स्वतः तयार केली नव्हती. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांनी हजारो जोडाक्षरे आपल्या हाताने लिहिली, तेव्हा कुठे यंत्राला ती लिहिता आली. आज मोबाइलवर तुम्ही जी देखणी उर्दू वाचता, तिच्यामागे असा वर्षानुवर्षे घासलेला हात आहे. तख्तीवर कलम फिरवणारा हात नसता, तर यंत्र मुकेच राहिले असते.

विद्यार्थ्यांनीही तसेच करावे. आधी मनाने समजून घ्यावे, हाताने करून पाहावे आणि मग यंत्राची मदत घ्यावी. गणिताचे उत्तर आधी वहीत काढा, मग संगणकावर पडताळा. निबंध आधी स्वतः लिहा, मग शब्दकोशात शब्द तपासा. आता तर प्रश्न विचारताच पूर्ण निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांच्याकडून निबंध लिहून घेणे म्हणजे दुसऱ्याला मैदानावर पळायला लावून आपले पाय मजबूत होतील अशी आशा करणे होय.

शेवटी तुमच्यासाठी एक काम सुचवतो. एक आठवडाभर एका कागदावर नोंद ठेवा. कोणत्या तासिकेत डिजिटल कृती झाली, किती मिनिटे झाली आणि तिच्यातून असे काय कळले जे फळ्यावरून कळले नसते, हे तीन रकान्यांत लिहा. चौथ्या रकान्यात किती मुलांना आणि किती मुलींना प्रत्यक्ष पाळी मिळाली ते लिहा. आठवड्याच्या शेवटी तो कागद तुमच्या शिक्षकांसमोर ठेवा आणि वर्गात चर्चा करा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तुमच्या वर्गात संगणक गरजेपेक्षा जास्त चालतो. चौथा रकाना रिकामा राहिला, तर तो काहीजणांसाठीच चालतो. दोन्ही गोष्टी सुधारता येतात. त्यासाठी नवे यंत्र आणावे लागत नाही, आपण ठरवावे लागते.